स्लाइड-आऊटमधलं कार्पेट काढून व्हायनिल टाकल्यावर कड उचलते, फ्लोअर फुगतो, चरे पडतात: कारणं आणि पक्की दुरुस्ती

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. कॅम्परच्या स्लाइड-आऊटमधलं (गाडी उभी असताना भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या, खोलीवजा पेटाऱ्यातलं) जुनं, डागाळलेलं कार्पेट उखडलं, व्हायनिल टाकलं, जागा एकदम उजळली. मग स्लाइड चार-सहा वेळा आत-बाहेर झाली आणि पुढच्या कडेचा प्लँक (व्हायनिलची फळीसारखी लांबट पट्टी) उचलला गेला. किंवा मुख्य फ्लोअरवर दोन समांतर चरे उमटले. किंवा उन्हाळ्यातल्या दुपारी डायनेटसमोर (जेवणाच्या टेबल-बाकांसमोर) फुगवटा आला, रात्रीच्या गारव्यात बसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आला. प्लँक बदलला तरी थोड्याच दिवसांत तेच.

बदलूनही तेच होतं, कारण दोष प्लँकमध्ये नसतो. स्लाइडमधलं कार्पेट हे नुसतं अंथरूण नव्हे, तो सरकत्या यंत्रणेचा एक भाग असतो. कारखान्यात ते पुढच्या कडेवरून खाली वळवून तळाला स्टेपलने ठोकतात. त्यामुळे स्लाइडचा पेटारा मुख्य फ्लोअरवरून सरकताना लाकूड लाकडाला घासत नाही, कमी-जास्त फट आपोआप भरून निघते, एखादा खडा आला तरी तो कार्पेटमध्ये दबतो. ही सगळी कामं दुसऱ्या कशाला तरी नेमून दिल्याशिवाय कार्पेट काढलं, की ती कामं व्हायनिलवर येऊन पडतात. व्हायनिल त्यासाठी बनलेलं नाही. म्हणून वरून काय टाकायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न कडेचा.

स्लाइड कोणत्या जातीची आहे

अमेरिका-कॅनडातल्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. ट्रॅव्हल ट्रेलर आणि फिफ्थ व्हीलमध्ये (दुसऱ्या गाडीने ओढायच्या कॅम्परमध्ये) बहुधा स्लाइडचा तळ मुख्य फ्लोअरपेक्षा दोन-तीन इंच वर, पायरीसारखा असतो. आत येताना पेटारा मुख्य फ्लोअरच्या अगदी लगत वरून सरकतो. काही मॉडेलमध्ये पुढच्या कडेखाली छोटे रोलर किंवा प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या असतात, तर काहींत कार्पेटशिवाय काहीच नसतं.

दुसरा प्रकार फ्लश स्लाइडचा, मुख्यतः मोठ्या मोटरहोममधला. पूर्ण बाहेर गेल्यावर पेटारा शेवटच्या काही इंचांत खाली उतरतो आणि दोन्ही फ्लोअर एका पातळीत येतात. आत येताना कडेचे रोलर उतारावरून वर चढतात आणि मुख्य फ्लोअरवर धावतात. म्हणजे सोफा, कपाटं आणि पेटारा यांच्या वजनाचा मोठा वाटा दोन-तीन इंच रुंदीच्या रोलरवर येतो. क्लिक-लॉक, म्हणजे गोंदाशिवाय एकमेकांत अडकवायच्या, प्लँकचा सांधा जेमतेम काही मिलिमीटरच्या जिभेवर धरलेला असतो. त्यावरून असा रोलर वारंवार गेला, की ती जीभ तुटते आणि सांधा उघडतो. फ्लश स्लाइडच्या रोलरवाटेत क्लिक-लॉक टाकूच नये.

चालवणारी यंत्रणाही पाहून ठेवा. पेटारा चासीतल्या लोखंडी दांड्यांवर तोललेला असेल, तर उंची थोडी जुळवता येते. श्विन्टेकसारखी भिंतीतल्या रुळांवर चालणारी स्लाइड असेल, तर दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मोटरी असतात आणि त्यांनी एका तालात चालावं लागतं. एका टोकाला प्लँक अडला, तर ती बाजू मागे राहते, पेटारा तिरका होतो आणि कंट्रोलर दोष दाखवून थांबतो. ‘फ्लोअरिंग केल्यापासून मोटर बिघडली’ असं वाटतं तेव्हा मोटर उघडण्याआधी कडेची फट मोजा.

फट मोजणं

याला टेपमाप कामाचं नाही, कारण फट सगळीकडे सारखी नसते आणि स्लाइड सरकताना ती बदलत जाते. मुलांची खेळायची क्ले घ्या. सुपारीएवढ्या गोळ्या करून प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा आणि कडेच्या वाटेत मुख्य फ्लोअरवर ठेवा: दोन्ही टोकांना एकेक, मधे एक, आणि यांच्या थोडं आत, जिथे स्लाइड अर्ध्या वाटेवर असेल तिथे आणखी तीन. रोलरच्या थेट खाली ठेवू नका. गाडी लेव्हल असली पाहिजे. जॅक नीट टेकलेले नसले तर चासी पिळते आणि एका टोकाची फट खोटी निघते. स्लाइड आत घ्या, बाहेर काढा, चेपलेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजा. सगळ्यांत लहान आकडा तोच तुमचा आकडा, सरासरी नव्हे.

आता हिशेब. चिकटवायची व्हायनिल शीट साधारण १.५ ते २.५ मिमी जाड असते, चिकटवायचे प्लँक २ ते ३ मिमी, आणि क्लिक-लॉक एसपीसी (चुनखडीची भुकटी घातलेले कडक व्हायनिल प्लँक) ४ ते ६ मिमी, खाली फोमचा थर असेल तर त्याहून जास्त. सगळ्यांत लहान फटीतून मुख्य फ्लोअरवर वाढणारी जाडी वजा करा, कडेच्या तळाला घसरपट्टी लावणार असाल तर तीही वजा करा. उरलेली मोकळी जागा ३ मिमीपेक्षा कमी नको. समजा फट ९ मिमी आहे. मुख्य फ्लोअरवर ५ मिमीचे प्लँक आणि कडेला ३ मिमीची पट्टी लावली तर उरतो १ मिमी. रस्त्यावरच्या एका धक्क्यानंतर ती कड घासणार. तिथेच २ मिमीची शीट टाकली तर ४ मिमी मोकळे राहतात आणि काम बिनघोर होतं.

स्लाइडच्या आतल्या फ्लोअरची जाडी या हिशेबात येत नाही, कारण तो कडेच्या वर असतो. पण फ्लश प्रकारात दोन्ही फ्लोअरची पातळी जुळावी लागते. एका बाजूला जाडी वाढवली आणि दुसरीकडे नाही, तर पायाला ठेच लागेल अशी पायरी तयार होते.

फुगवटा का येतो

कडक पीव्हीसी तापमानाच्या प्रत्येक अंश सेल्सियसला, दर मीटरमागे, साधारण ०.०५ ते ०.०८ मिमी वाढतं. चुनखडीमुळे एसपीसीत हे प्रमाण कमी असतं, पण शून्य नसतं. १२ फुटांची स्लाइड म्हणजे ३.६६ मीटर. मिनेसोटात हिवाळाभर बंद उभी असलेली गाडी उणे १० अंशांना आणि ॲरिझोनाच्या उन्हात बंद खिडक्यांनी ४५ अंशांना असं धरलं, तर फरक ५५ अंशांचा. मधला आकडा, ०.०६, घेतला तरी लांबीत सुमारे १२ मिमीची हालचाल होते. दोन्ही टोकांना पाव-पाव इंच मोकळं सोडलं असेल तर ती कशीबशी मावते. पण ते फ्लोअरिंग गारठ्याच्या दिवशी टाकलं असेल, किंवा त्यावर सोफा आणि डायनेट स्क्रूने जखडले असतील, तर मावत नाही. वाढीला जागा उरते फक्त वर.

तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवता नुसत्या ठेवलेल्या, फ्लोअरिंगची हीच अडचण. घरात त्यावर फर्निचर नुसतं ठेवलेलं असतं, कॅम्परमध्ये ते खाली पक्कं आवळावंच लागतं, नाहीतर धावत्या गाडीत सोफा सुटेल. आवळलं की तरंगतं फ्लोअरिंग तरंगतं राहत नाही.

आधीच टाकलं असेल आणि फुगत असेल, तर नवे प्लँक आणू नका. फर्निचर उचला, त्याच्या तळाच्या आकारापेक्षा सगळीकडून पाव इंच मोठी जागा प्लँकमधून कापून काढा, तिथे तेवढ्याच जाडीचं प्लायवुड बसवा आणि फर्निचर त्यावर आवळा. कडेची ट्रिम प्लँकमधून खाली ठोकलेली असेल तर ती काढून भिंतीत ठोका. पुढच्या कडेचा अँगलही (धातूची काटकोनी पट्टी) प्लँकमधून खाली स्क्रू केलेला असेल तर त्या बाजूलाही जखडण झालेली असते. प्लँकमधली भोकं तिथल्या स्क्रूच्या दुप्पट व्यासाची करा. एवढ्याने बहुतेक फुगवटे बसतात. ज्यांचे लॉक आधीच तुटलेत ते मात्र बदलावे लागतील.

नव्याने करायचं असेल तर स्लाइडच्या आत चिकटवायचं व्हायनिलच घ्या, आणि शक्य तिथे फायबरग्लासचं अस्तर असलेली एकसंध शीट. ३ फूट बाय १२ फुटांच्या जागेत एकही सांधा नसणं ही फार मोठी सोय आहे. प्लँकचं लाकडी रूप डोळ्याला आवडतं हे खरं, पण ही जागा हलते, तापते, गारठते आणि वर्षाचे कितीतरी दिवस बंद असते. फक्त कडेला स्टेपल मारून मधे मोकळी सोडलेली साधी शीट टाळा. थंडीत ती आक्रसते आणि कोपऱ्यातल्या स्टेपलपासून फाटत जाते. स्वतः चिकटणाऱ्या टाइल्सही नकोत. तापलेल्या बंद गाडीत त्यांचा गोंद मऊ पडतो, टाइल सरकते, फटीतून गोंद वर येतो आणि त्यावर धूळ बसून काळ्या रेघा उमटतात.

कार्पेट काढणं, आणि कुठे थांबायचं

डायनेटचे स्क्रू बहुधा बाकाच्या पोटात, झाकण उचलल्यावर दिसतात. सोफा मोठ्या लॅग स्क्रूंनी बसवलेला असतो. मोटरहोममध्ये सीटबेल्ट ज्या बोल्टना धरलेले आहेत, ते बोल्ट सैल करू नका. त्यांच्याभोवतीचं कार्पेट कापून सोडून द्या.

अनेक गाड्यांत कार्पेट आधी अंथरून त्यावर भिंती उभ्या केलेल्या असतात, त्यामुळे ते भिंतीखाली अडकलेलं असतं. ओढू नका, भिंतीलगत धारदार पात्याने कापा. खालचा फोम रुंद पटाशीने खरवडून निघतो. स्टेपल शेकड्यांनी असतात. तिरपी कटर पकड घ्या आणि स्टेपलची पाठ तिच्यात धरून पकड बाजूला लोळवा, म्हणजे पाय तुटत नाहीत. तुटलेले पाय हातोडीने पूर्ण आत ठोका. एक जरी वर राहिला तरी शीटमधून टोचेल.

आता कड. कार्पेट पुढच्या कडेच्या खालच्या धारेपर्यंत येतं आणि तिथून तळाला वळतं. तळाला वळलेला भाग काढू नका. तो अजून दाट आणि घट्ट असेल तर त्याच्याइतकी स्वस्त आणि योग्य घसरपट्टी दुसरी नाही. समोरच्या उभ्या बाजूवरचं कार्पेटही राहू द्या, फक्त वरच्या धारेला सरळ रेषेत कापा. व्हायनिल तिथपर्यंत आणा आणि दोन्हींच्या टोकांवर ॲल्युमिनियमचा अँगल बसवा: दीड इंच बाय दीड इंच, जाडी एक सूत, म्हणजे १/८ इंच. आडवी बाजू व्हायनिलवर, उभी बाजू समोरच्या कार्पेटवर. उभी बाजू कडेच्या तळापर्यंत जाता कामा नये, किमान ३ मिमी वर संपली पाहिजे, नाहीतर पहिल्याच फेरीत धातू मुख्य फ्लोअर खरवडेल. समोरची बाजू कमी उंचीची असेल तर अँगलची उभी बाजू कापून घ्या आणि धार कानसेने मोडा.

अँगलला दर ६ इंचांवर भोक पाडा, स्क्रूचं डोकं पूर्ण बुडेल अशी खळी करा, आणि नंबर ८ चे पाऊण इंची स्टेनलेस स्क्रू वापरा. तळाच्या प्लायची जाडी आधी पाहा, ती ५/८ इंच असेल तर स्क्रू त्याहून आखूड हवा. डोकं वर राहिलं तर पायाला लागतं, आणि स्क्रूचं टोक खाली आलं तर तेच मुख्य फ्लोअरवर चरा ओढतं. कड उचलल्याच्या आणि चरे पडल्याच्या तक्रारींत हे लांब स्क्रू वारंवार सापडतात. अँगलची दोन्ही टोकं पेटाऱ्याच्या भिंतींच्या रेषेबाहेर डोकावू नयेत, नाहीतर रबरी सील त्यात अडकून फाटतं.

तळाचं कार्पेट झिजून प्लाय उघडा पडला असेल, तर तिथे यूएचएमडब्ल्यू पॉलिएथिलिनची पट्टी हवी. हे प्लॅस्टिक अतिशय निसरडं आणि चिवट असतं. सव्वा ते दीड मिमी जाडीची, मागे गोंद असलेली पट्टी थोड्या फटीतूनही आत सरकवून चिकटवता येते. स्क्रूने बसवायची जाड पट्टी लावायची तर पेटारा किंचित उचलावा लागतो. दांड्यांवरच्या स्लाइडला पहारीने आणि लाकडी पाचरींनी काही मिलिमीटर उचल मिळते, पण भिंतीतल्या रुळांवरच्या स्लाइडला पहार लावू नका, दात बिघडतील. हात पेटाऱ्याखाली असताना बटणाजवळ कुणी असू नये, आणि बॅटरीची तार सोडलेली असावी.

खालचा प्लाय कुजला आहे का

कार्पेट निघालं आहे तर हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाणी स्लाइडच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यांतून शिरतं आणि ओएसबीच्या (लाकडाचे चपटे तुकडे दाबून केलेल्या, प्लायसारख्या फळीच्या) कापलेल्या धारेतून आत ओढलं जातं. कार्पेटखाली ते वर्षानुवर्षं कळत नाही. टोकदार आरीने दर वीतभर अंतरावर दाबून पाहा, बाहेरच्या भिंतीलगत तर जवळजवळ. निरोगी ओएसबीत टोक रुतत नाही. हातभर जागा मऊ लागली तर व्हायनिल बाजूला ठेवा आणि गळती शोधा, कारण व्हायनिल वरून हवाबंद झाकण घालतं आणि कुजणं वाढतं. नाण्याएवढी जागा असेल तर पूर्ण वाळवून पातळ इपॉक्सी जिरवता येतं. लाकडातला ओलावा मीटरवर १२ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबा.

चिकटवणं

ओएसबीचा खवलेदार पोत पातळ शीटमधून दिसतो. ६० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे घासा, स्क्रूचे खड्डे आणि सांधे दोन घटकांच्या लांबीने (पुट्टीने) भरा. सिमेंटची लांबी नको, गाडीच्या हादऱ्यांनी तिचा भुगा होतो. धूळ ओढून घ्या आणि गोंदाच्या कंपनीने सांगितलेला प्रायमर एक हात द्या. मापाच्या खुणा पेन्सिलनेच करा: मार्करची शाई काही महिन्यांत व्हायनिलमधून वर झिरपते आणि पुसली जात नाही.

शीट आदल्या दिवशी गाडीत उलगडून ठेवा आणि गाडी १८ ते २९ अंश सेल्सियसमध्ये राखा. गोंद दाबाने चिकटणारा ॲक्रिलिक. ३६ चौरस फुटांना एक क्वार्टचा डबा पुरतो. ट्रॉवेलच्या दात्यांचं माप डब्यावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. गोंद दुधी असताना शीट टाकली तर आत पाणी अडकून फोड येतात. तो पारदर्शक झाला आणि बोटाला चिकटला पण बोटावर आला नाही, की वेळ झाली. शीट मधून कडेकडे हातरोलरने जोर लावून दाबा. भिंतीलगत ३ मिमी फट सोडा आणि ती भिंतीत ठोकलेल्या गोल पट्टीने झाका. अँगल त्यानंतर. फर्निचर परत ठेवायला आणि स्लाइड हलवायला डब्यावरच्या वेळेपर्यंत थांबा, साधारण २४ ते ७२ तास.

मुख्य फ्लोअरवरचे चरे

चरे आले की आधी रोलर पाहा. त्यात केस आणि कार्पेटचे धागे गुंडाळले जाऊन तो जाम होतो आणि फिरण्याऐवजी फरफटतो. पोस्टकार्ड रोलरखाली घालून स्लाइड दोन इंच सरकवा: कार्ड सरळ दुसऱ्या बाजूला निघालं तर रोलर फिरतोय, चुरगळलं किंवा फाटलं तर अडकलाय. धातूचा रोलर असेल तर नायलॉनचा बसवा.

रोलर ठीक असूनही खुणा पडत असतील, तर मुख्य फ्लोअरचा वरचा थर पातळ आहे. ६ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) थर या कामाला टिकत नाही, २० मिल म्हणजे सुमारे अर्धा मिमी हवा. फ्लोअर बदलायचा नसेल, तर स्लाइड हलवण्याआधी रोलरच्या वाटेत पातळ पॉलिप्रॉपिलिनच्या पट्ट्या टाका आणि नंतर उचलून ठेवा. फ्लश स्लाइडमध्ये दोन फ्लोअरमधली फट झाकणारी कार्पेटची झुलती पट्टी असते. तिच्या जागी व्हायनिल लावण्याचा प्रयत्न करू नका, ते वाकून वाकून चिरतं. नवी कार्पेट पट्टीच शिवून लावा.

पहिली फेरी

बॅटरी १२.५ व्होल्टच्या वर असल्याची खात्री करा, नाहीतर मोटर दमते आणि फ्लोअरिंग अडल्यासारखं भासतं. एकाने बटणावर, दुसऱ्याने आत, पण पेटाऱ्याच्या वाटेबाहेर. सहा इंच सरकवा, थांबा, कड टोकापासून टोकापर्यंत टॉर्चने पाहा, पुन्हा सहा इंच. करकर ऐकू आली तर जोर लावून पुढे नेऊ नका. उलट फिरवा आणि चकाकता ओरखडा शोधा, घासणारी जागा तोच दाखवतो. सगळं सुरळीत झालं तरी सामान भरून, एक प्रवास करून पुन्हा क्लेच्या गोळ्यांनी फट मोजा, कारण भरलेल्या गाडीत ती घटलेली असू शकते.

दारात आणि सिंकजवळ मॅट टाकाल, तर रबरी पाठीची नको. रबरातल्या रसायनांनी व्हायनिलवर पिवळा डाग पडतो आणि तो कशानेच जात नाही. विणलेली, किंवा व्हायनिलसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेली मॅट घ्या, आणि स्लाइड आत घेण्याआधी ती उचलायला विसरू नका.